कबर खोदणाऱ्याचा तासाचा दर

२२ नोव्हेंबर १९६३. अमेरिकेतल्या डॅलस शहरात अध्यक्ष जॉन केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा तिथे दुपारचे साडेबारा वाजले होते, आणि मुंबई-पुण्यात बरोबर रात्रीचे बारा. सकाळच्या दैनिकासाठी याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती गेलेली किंवा जायच्या बेतात, शहर आवृत्तीचं पहिलं पान लागत आलेलं. त्यातून त्याच दिवशी पूंछजवळ हवाई दलाचं हेलिकॉप्टर कोसळून लष्कराचे आणि हवाई दलाचे बडे अधिकारी गेले होते, म्हणजे पान एकची मुख्य बातमी ठरलेलीच असणार. अशा वेळी तारेने येणाऱ्या बातम्या छापणाऱ्या टेलिप्रिंटरच्या घंटा वाजायला लागल्या की उपसंपादकाच्या पोटात काय होतं, ते रात्रपाळी केलेल्यालाच कळतं.

मी रात्रपाळ्या केल्या त्या खूप नंतर. टेलिप्रिंटर मी पाहिला तो कोपऱ्यात धूळ खात पडलेला. आता काही वर्षं संध्याकाळच्या पदविका वर्गाला शिकवतो, आणि हार्ड न्यूज (घटनेची ताजी, सरळ बातमी) व फीचर (घटनेवरचा सविस्तर लेख) यांतला फरक विचारला की दरवर्षी एकच उत्तर येतं: बातमीत माहिती असते, फीचरमध्ये भावना असतात. एखादा हुशार मुलगा 'बातमी रूक्ष, फीचर रसाळ' असंही म्हणून टाकतो. मुलांचा दोष नाही, नोट्समध्ये तसंच लिहिलेलं असतं. पण हे उत्तर घेऊन मुलगा पुरवणीत नोकरीला लागला की पहिल्याच आठवड्यात 'आकाशही जणू अश्रू ढाळत होते' लिहितो, आणि पुढची दोन वर्षं ते खोडण्यात जातात.

म्हणून मी केनेडी प्रकरण घेतो. चार दिवसांची एकच घटना. तिची हार्ड न्यूज कशी झाली आणि फीचर कसं झालं, हे वाक्यावाक्याला दाखवता येतं. शिवाय घटना परकी आणि जुनी असल्यामुळे वर्गात कुणाचे अश्रू मध्ये येत नाहीत.

एकच फोन

अध्यक्षांच्या ताफ्यात काही गाड्या मागे पत्रकारांची 'पूल' गाडी होती. पूल म्हणजे सगळ्यांच्या वतीने पुढे जाणारे मोजके बातमीदार. गाडी टेलिफोन कंपनीची. तिच्यात रेडिओ-टेलिफोन एकच, आणि तो पुढच्या बाजूला. पुढच्या सीटवर यूपीआय वृत्तसंस्थेचा मेरीमन स्मिथ बसला होता. मागे त्याचा प्रतिस्पर्धी, एपी वृत्तसंस्थेचा जॅक बेल.

आवाज झाले. स्मिथ बंदुकांचा शौकीन होता, त्यामुळे हे फटाके नव्हेत हे त्याला लगेच उमगलं. त्याने फोन उचलून आपल्या डॅलस कार्यालयाला एक वाक्य सांगितलं. १२ वाजून ३४ मिनिटांनी, म्हणजे गोळीबारानंतर चार मिनिटांनी, ते तारेवर गेलं. मराठीत त्याचा ऐवज इतकाच: अध्यक्ष केनेडी यांच्या ताफ्यावर आज डॅलसच्या मध्यवर्ती भागात तीन गोळ्या झाडण्यात आल्या.

वाक्य सांगून झालं तरी स्मिथने फोन सोडला नाही. मजकूर परत वाचून दाखवा, वरच्या तारांमुळे नीट ऐकू येत नाही, अशी सबब काढून तो फोनला चिकटून बसला. मागून बेल त्याच्या पाठीत गुद्दे घालत होता. बेलच्या हाती फोन आला तेव्हा गाडी पार्कलँड हॉस्पिटलच्या दारात पोचली होती. हा किस्सा ऐकून वर्ग हसतो. मीही हसू देतो, कारण हार्ड न्यूजचं मूळ त्या गुद्द्यांत आहे. तिथे मिनिटाला किंमत असते, आणि ती मोजायला शेजारी कुणी तरी बसलेला असतो.

आता वाक्य बघा. गोळ्या कुणी झाडल्या? नाही. अध्यक्षांना लागल्या का? नाही. का झाडल्या? नाही. काय, कुठे, केव्हा, कोण, का, कसं हे सहा ककार पहिल्या परिच्छेदात आलेच पाहिजेत, असं आपण शिकवतो. त्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या बातम्यांपैकी एकीच्या पहिल्या वाक्यात जेमतेम तीन आहेत: काय, कुठे, केव्हा. बाकीचे तीन स्मिथला माहीत नव्हते, म्हणून त्याने लिहिले नाहीत. 'अध्यक्षांवर प्राणघातक हल्ला' असं लिहायचा मोह केवढा असेल! ते खरंही ठरलं असतं. पण त्या क्षणी त्याच्याकडे आवाज होते, जखम नव्हती.

हॉस्पिटलच्या दारात तर कसोटीच होती. क्लिंट हिल नावाचा अध्यक्षांच्या सुरक्षा दलाचा अधिकारी स्मिथच्या ओळखीचा होता. कितपत लागलंय, असं स्मिथने विचारलं आणि हिलने सरळ सांगितलं की ते गेले. यानंतर स्मिथ आत पळाला, एका छोट्या कचेरीतला फोन धरला आणि मजकूर सांगितला तो असा, की अध्यक्ष गंभीर, कदाचित प्राणघातक जखमी. 'कदाचित'. एवढ्या जवळच्या माणसाने डोळ्यांनी बघून सांगितलं होतं, तरी डॉक्टर बोलले नव्हते. हा संदेश १२.३९ ला तारेवर गेला. मृत्यूची अधिकृत घोषणा झाली ती दीडच्या पुढे, १.३३ ला. मधला पाऊण तासाहून जास्त वेळ जग त्या 'कदाचित'वर होतं.

या प्रकरणातला माझा आवडता तपशील मात्र वेगळाच आहे. त्या कचेरीतला फोन हाती आल्यावर बाहेरची लाइन कशी लावायची ते स्मिथला कळेना. तिथल्या चष्मेवाल्या माणसाने सांगितलं, नऊ लावा. तरी दोनदा प्रयत्न करावा लागला. हा तपशील आपल्याला ठाऊक आहे कारण दुसऱ्या दिवशी स्मिथने स्वतः जे पाहिलं त्याचा सविस्तर वृत्तांत लिहिला, त्यात तो आहे. त्या वृत्तांताची सुरुवात गोळ्यांनी होत नाही. छान ऊन पडलेल्या दुपारी आम्ही डॅलसमधून चाललो होतो, अशी होते.

माणूस तोच, घटना तीच, आणि मध्ये जेमतेम एक दिवस. पहिल्या दिवशी 'नऊ लावा' हा अडथळा होता, दुसऱ्या दिवशी तोच मजकूर झाला. पहिल्या दिवशी उन्हाचा उल्लेख केला असता तर डेस्कने स्मिथला वेड्यात काढलं असतं. दुसऱ्या दिवशी शेवट सगळ्या जगाला माहीत होता, म्हणून तर सुरुवात उन्हाने करता आली. वाचकाला काय कळलेलं आहे, यावर हे सगळं ठरतं. लिहिणाऱ्याच्या स्वभावाशी त्याचा संबंध कमी. १९६४ साली स्मिथला या वार्तांकनासाठी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

सगळ्यांनी पाहिलेली बातमी

सोमवार, २५ नोव्हेंबर. अंत्ययात्रेचा दिवस. देशोदेशीचे पत्रकार वॉशिंग्टनमध्ये जमलेले. सगळं टीव्हीवर थेट दिसत होतं: रिकामं खोगीर घातलेला घोडा, काळ्या बुरख्यातल्या जॅकलिन केनेडी, त्याच दिवशी तीन वर्षांचा झालेला आणि वडिलांच्या शवपेटीला सलाम करणारा मुलगा.

वर्गाला मी आधी या दिवसाची हार्ड न्यूज लिहायला लावतो. साधारण अशी येते:

'वॉशिंग्टन, ता. २५ : अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या पार्थिवावर आज येथील आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत संपूर्ण लष्करी इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले. नव्वदहून अधिक देशांचे प्रतिनिधी यावेळी उपस्थित होते. श्रीमती जॅकलिन केनेडी यांनी कबरीपाशी अखंड ज्योत प्रज्वलित केली. आर्लिंग्टनमध्ये चिरविश्रांती घेणारे केनेडी हे विल्यम टाफ्ट यांच्यानंतरचे दुसरेच अध्यक्ष आहेत.'

'येथील' खोडावं लागतं. आर्लिंग्टन पोटोमॅक नदीच्या पलीकडे, व्हर्जिनियात आहे. 'चिरविश्रांती'ही खोडावी असं मला वाटतं, पण ते जाऊ दे. बाकी बातमी चोख आहे. अडचण एवढीच की मंगळवारी सकाळी अंक हातात घेणाऱ्या अमेरिकन वाचकाला हे सगळं आदल्या दिवशी दिसून चुकलं होतं. नोंद म्हणून बातमी छापायलाच हवी. उद्या तारीख शोधणारा तीच उघडेल. पण वाचणार कोण?

न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनचा स्तंभलेखक जिमी ब्रेस्लिन याच अडचणीत होता. पस्तिशीचा, क्वीन्समध्ये वाढलेला, खेळाच्या पानांवर हात बसलेला माणूस. पुढे त्यानेच सांगितलं त्याप्रमाणे, पत्रकारांची ती झुंड बघून त्याच्या लक्षात आलं की इथे आपलं पोट भरणार नाही, कारण सगळ्यांकडे एकच मजकूर असणार. ज्या माणसाने कबर खोदली त्याला मी शोधायला जातो, असं तो आर्ट बुकवाल्ड या दुसऱ्या स्तंभलेखकाला म्हणाला. कल्पना बरी आहे, असं बुकवाल्डचं मत पडलं.

मंगळवारी २६ तारखेला स्तंभ छापून आला. त्याचा सांगाडा सांगतो.

रविवारी सकाळी क्लिफ्टन पोलार्ड उठतो. आज कामावर बोलावणार याची त्याला अटकळ आहे, म्हणून तो आधीच कामाचे खाकी कपडे चढवून न्याहारीला बसतो. अंडी-बेकन खाताना मुकादमाचा फोन येतो: अकरापर्यंत येशील का, कशासाठी ते तुला ठाऊक असेलच. तो न्याहारी संपवतो आणि निघतो. दफनभूमीत अधीक्षक त्याला म्हणतात, रविवारी बोलवावं लागलं, माफ कर. तो म्हणतो, असं म्हणू नका, हा माझा मान आहे. मग तो यंत्रावर बसतो. आर्लिंग्टनमध्ये कबरी कुदळ-फावड्याने खोदत नाहीत. आपल्याकडे ज्याला सरसकट जेसीबी म्हणतात तशा जातीचं ते यंत्र, हिरवं, पिवळ्या बादलीचं, माती आपल्याकडे ओढणारं. पहिली बादली वर येते तेव्हा अधीक्षक जवळ जाऊन बघतात आणि म्हणतात, माती छान आहे. पोलार्ड म्हणतो, थोडी बाजूला ठेवतो. यंत्राच्या चाकांनी गवतात चाकोऱ्या पडल्यात, त्या बुजवून चांगलं गवत येऊ दे.

त्यानंतर कुठे तो कोण ते येतं. वय ४२, सडपातळ, मिशा आहेत, जन्म पिट्सबर्गचा, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात साधा शिपाई. यंत्रचालक, वेतनश्रेणी दहा, म्हणजे तासाला ३ डॉलर १ सेंट.

तिथून पुढे स्तंभ सोमवारकडे वळतो आणि बराच वेळ जॅकलिन केनेडींच्या मागे चालत राहतो. ही गोष्ट लोक विसरतात. 'सगळे राष्ट्राध्यक्षांकडे गेले, ब्रेस्लिन मात्र मजुराकडे गेला' अशी दंतकथा झाली आहे. खरं म्हणजे तो दोन्हीकडे गेला. व्हाइट हाउसच्या उत्तरेच्या दारातून त्या बाहेर पडतात, शवपेटीला कुठले पट्टे आहेत, गाड्याचे आस कसे चकाकतात, हे सगळं त्यात आहे. शेवटी मात्र तो पोलार्डकडे परततो. पोलार्ड अंत्यविधीला नव्हता. टेकडीच्या पलीकडे दुसऱ्या विभागात, त्याच ३ डॉलर १ सेंटवर, तो कबरी खोदत होता. कुणासाठी ते त्याला माहीत नव्हतं. खोदायच्या आणि फळ्यांनी झाकून ठेवायच्या. लागतीलच कधी तरी. केनेडींची कबर बघायला तो गेला होता, पण गर्दी इतकी की एका सैनिकाने पुढे जाता येणार नाही म्हणून परत पाठवलं. नंतर जाऊन येईन, असं तो म्हणतो.

तीन डॉलर एक सेंट

आता माझा मुद्दा. पोलार्डच्या या मजकुरात भावना कुठे आहे? तिथे ब्रेस्लिनने एकही अश्रू लिहिलेला नाही. 'नियतीचा क्रूर खेळ' नाही, 'हे कसले दैव' नाही. पोलार्डला काय वाटलं असेल, याबद्दल स्वतःच्या पदरचं एक वाक्य नाही. आहे तो तपशील, आणि तो हार्ड न्यूजपेक्षा बारीक आहे. माझ्या नमुन्याच्या बातमीत 'नव्वदहून अधिक देश' चालून गेलं. ब्रेस्लिनला 'तीनेक डॉलर' चालले नसते.

आपल्या पुरवण्यांमध्ये अशा ठिकाणी काय छापून येतं? 'तुटपुंज्या पगारावर राबणारा'. स्मशानातला कामगार असो, रेल्वेचा गँगमन असो की ड्रेनेजमध्ये उतरणारा महापालिकेचा माणूस, पगार कायम तुटपुंजाच. हे विशेषण लिहायला बातमीदाराला खुर्चीतून उठावं लागत नाही. ३ डॉलर १ सेंट लिहायला विचारावं लागतं: दादा, तुमची श्रेणी कुठली, महिन्याला मिळतात की तासावर? हा प्रश्न परक्या माणसाला, तेही अशा दिवशी, विचारणं अवघड आहे. वर्गातल्या मुलांना मी शेजाऱ्याचा पगार विचारायला सांगतो. निम्म्या जणांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

तो एक सेंट काय करतो बघा. 'तीन डॉलर' ही गोळाबेरीज झाली. '३ डॉलर १ सेंट' म्हटलं की सरकारी तक्ता दिसतो, कुठल्या तरी कारकुनाने भरलेला. देशाचा पस्तिसावा अध्यक्ष आणि हे ३ डॉलर १ सेंट एका वाक्यात येतात. ब्रेस्लिन हा आकडा तीनदा वापरतो आणि तिन्ही वेळा त्याच्यावर काही भाष्य करत नाही.

यंत्राचंही तसंच. कबर म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर फावडं येतं, आणि नवखा लेखक त्याच्या हाती फावडंच देतो. ब्रेस्लिन वाचकाचं चित्र मोडतो आणि खरं यंत्र उभं करतो, रंगासकट. मग त्या यंत्राच्या चाकोऱ्या, त्या बुजवायची माती, ती बाजूला ठेवणारा माणूस. 'त्याचं कामावर प्रेम होतं' हे लिहायची गरजच उरत नाही.

एक शंका दरवर्षी येते आणि ती रास्त आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता ब्रेस्लिन पोलार्डच्या स्वयंपाकघरात नव्हता. मग अंडी-बेकन त्याला कसं कळलं? विचारून. फीचरमधले असे प्रसंग बहुतेक वेळा मागाहून विचारून उभे केलेले असतात, आणि इथेच या प्रकारातला मोठा धोका आहे. हार्ड न्यूजमध्ये 'पोलिसांनी सांगितले', 'सूत्रांनुसार' या खुंट्या वाचकाला दिसतात. फीचरमध्ये त्या आत दडवलेल्या असतात, म्हणून वाचक लेखकावर सरसकट विश्वास टाकतो. न्याहारीला काय होतं ते न विचारता 'चहा-पोळी खाऊन तो निघाला' लिहिणाऱ्याला कोण पकडणार? कुणीच नाही. तरी तो लबाडच. माझा नियम साधा आहे: उपसंपादकाने फोन करून विचारलं, तर त्या माणसाने 'हो, अंडीच होती' असं म्हटलं पाहिजे.

खालून कापणे

पाठ्यपुस्तकात उलटा पिरॅमिड असतो. सगळ्यात महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. आकृती काढून मुलं पाठ करतात, पण ती कशासाठी ते त्यांना कळत नाही, कारण आता पानावरचा मजकूर माउसने आवळता येतो. शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळात मजकूर खरोखरची वस्तू होती. पान लावताना तो चौकटीत मावला नाही, की खालच्या ओळी उचलून बाजूला ठेवायच्या. लावणाऱ्याला मजकूर वाचायला वेळ नसे, आणि वाचायची गरजही नसावी, अशीच बातमीची रचना असायची. शेवटचे चार परिच्छेद गेले तरी बातमी जिवंत.

माझ्या नमुन्याच्या बातमीवर हे करून बघा. टाफ्टचं वाक्य काढा, बातमी उभी. अखंड ज्योत काढा, तरी उभी. नव्वद देशही काढा. एक वाक्य उरलं तरी ती बातमी आहे.

आता ब्रेस्लिनच्या स्तंभाचा शेवटचा परिच्छेद उडवा. पोलार्ड अंत्यविधीला नव्हता, हे गेलं. सैनिकाने परत पाठवलं, हे गेलं. उरला कोण? अध्यक्षांची कबर खोदायला मिळाल्याबद्दल कृतार्थ झालेला एक भला माणूस. मजकूर तोच, पण अर्थ उलटा झाला. आधी टोचत होता, आता गोड झाला.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. एका जिल्हा आवृत्तीत मी नवा उपसंपादक होतो. तालुक्याच्या वार्ताहराने एक मजकूर पाठवला होता. रेल्वे फाटकावर उड्डाणपूल झाला, पालकमंत्र्यांनी उद्घाटन केलं. ती बातमी वेगळी, फोटोसह, पान एकला. त्याने त्याखेरीज फाटकाच्या गेटमनवर लिहिलं होतं. किती वर्षं नोकरी, दिवसात किती वेळा फाटक पडायचं, लग्नाची वरात अडकली की नवरदेवाचा मामा कसा शिव्या घालायचा, सगळं छान होतं. रात्री साडेदहाला जाहिरात विभागाकडून एक टेंडर नोटीस आली. बारा ओळी जास्त होत होत्या. मी हात सराईत असल्याच्या थाटात खालच्या बारा ओळी उडवल्या आणि घरी गेलो.

सकाळी वार्ताहराचा फोन. आवाज शांत होता, तेच जास्त लागलं. "साहेब, गेट पडलंच नाही की हो."

त्या बारा ओळींत उद्घाटनाच्या संध्याकाळचा प्रसंग होता. पूल सुरू झाला, खाली कुणी उरलं नाही, आणि गाडीची वेळ झाली तेव्हा गेटमनने रिकाम्या रस्त्यावर शेवटचं फाटक पाडलं. बाकीचा मजकूर तिथे पोचण्यासाठी लिहिलेला होता. मी तो रस्ता छापला आणि गाव कापलं.

तेव्हापासून फीचर कापायचं असेल तर मी मधून कापतो. नवरदेवाचा मामा गेला असता तर चाललं असतं.

पोलार्डची नक्कल

या स्तंभाने एक नुकसानही केलं, ते वर्गात सांगावंच लागतं. मोठी घटना घडली की कडेचा लहान माणूस शोधा, असा मंत्रच झाला. आपल्याकडे वारी आली की चहावाला, निवडणूक आली की मतदान केंद्रावरचा शिपाई, मोठ्या माणसाची अंत्ययात्रा निघाली की फुलवाला. लहान माणूस सापडला की काम झालं असं समजतात. बहुतेक वेळा तो माणूस घटनेच्या शेजारी फक्त उभा असतो. त्याला वगळून घटना तशीच्या तशी घडली असती.

पोलार्ड शेजारी उभा नव्हता. त्याच्या कामाशिवाय सोमवार झालाच नसता. जमलेल्या सगळ्या देशांच्या प्रतिनिधींना ज्या खड्ड्याभोवती उभं राहायचं होतं, तो त्याने खोदला होता. आणि नेमका तोच तिथे नव्हता. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून तो मजकूर उभा राहिला. चहावाल्यावर लिहायचं तर लिहा, पण वारीतलं काय त्याच्या हातून होतं, हे आधी शोधा.

आणखी एक निरीक्षण, थोडं आडवळणाचं. पोलार्डला बोलावलं त्या रविवारी वॉशिंग्टनमध्ये साडेबारा वाजायच्या सुमारास डॅलसच्या पोलिस मुख्यालयात केनेडींच्या खुनाचा आरोप असलेल्या ली हार्वे ओस्वाल्डला जॅक रुबी नावाच्या नाइटक्लबवाल्याने गोळी घातली, तीही टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. हार्ड न्यूजच्या दृष्टीने रविवार ओस्वाल्डचा. ब्रेस्लिनच्या रविवारात अंडी-बेकन, पिवळी बादली आणि चांगली माती आहे. हार्ड न्यूज लिहिणाऱ्याने त्या दिवशी ओस्वाल्डला वगळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. फीचर लिहिणाऱ्याने त्याला मध्ये आणलं असतं तर मजकूर गेला असता. काय सोडायचं याचा हिशेब दोघांचा वेगळा असतो, आणि मला विचाराल तर फीचरवाल्याचा जास्त कठीण, कारण त्याने काय सोडलं हे कुणी तपासत नाही.

गेल्या सत्रात शेवटच्या तासाला मी एक उफराटा प्रश्न घातला. ३ डॉलर १ सेंट हा आकडा २५ नोव्हेंबरच्या हार्ड न्यूजमध्ये बसवून दाखवा. बहुतेकांनी प्रयत्न करून सोडून दिला. इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात घातला तर विचित्र दिसतो, दुसऱ्या परिच्छेदात पाहुण्यांची यादी अडवते. दोघा-तिघांनी चौकट केली, 'कबर खोदणाऱ्याला तासाला ३ डॉलर १ सेंट!' अशी, उद्गारचिन्हासकट. मागच्या बाकावर बसणारी, दिवसा एका छापखान्यात कामाला असलेली एक मुलगी मात्र नीट पाच परिच्छेद लिहून घेऊन आली. पाहुणे, ज्योत, टाफ्ट, सगळं जागच्या जागी. आणि सगळ्यात शेवटी, एकट्या ओळीत: 'कबर खोदणाऱ्या कामगाराला तासाला ३ डॉलर १ सेंट मजुरी मिळते. तो अंत्यविधीला उपस्थित नव्हता.'

मी कागद हातात घेतला, लाल पेनाचं टोपण काढलं, आणि सवयीने खालून ओळी मोजायला लागलो.